माथेरान: दस्तुरी नाक्यापुढचा हिशेब

मोहोपाड्याहून चौककडे निघालं की समोर डोंगरांची रांग उभी राहते. डावीकडे प्रबळगडाचं लांबलचक अंग, मध्ये इर्शाळगडाचा सुळका आणि त्यांच्या मागे सपाट माथ्याचं माथेरान. रसायनीपासून सरळ रेषेत मोजलं तर हे पठार पंधरा किलोमीटरच्या आतबाहेर आहे. तरीही वर जायला गाडीचा रस्ता एकच, तोही डोंगराच्या पलीकडच्या अंगाने, नेरळहून. म्हणून आपल्याला चौक, कर्जत, नेरळ असा पन्नासेक किलोमीटरचा वळसा पडतो.

माथेरान हे खरं तर डोंगरावरचं बेट आहे. चहूबाजूंनी कडे आणि वर सुमारे आठशे मीटर उंचीवर जंगल. खालून येणारी प्रत्येक मोटार दस्तुरी नाक्याला थांबते. त्यापुढे रुग्णवाहिका आणि ई-रिक्षा यांसारखे अपवाद वगळता मोटारींना मज्जाव आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. भाजी, गॅसच्या टाक्या, पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या, पाहुण्यांच्या बॅगा हे सगळं नाक्यावर उतरतं आणि तिथून घोड्यावर, माणसाच्या डोक्यावर, हातगाडीवर नाही तर मिनीट्रेनने गावात जातं. इथला सगळा हिशेब या एका गोष्टीभोवती फिरतो. नाक्यापर्यंतचा खर्च घरबसल्या काढता येतो. नाक्यापासून बाजारपेठेपर्यंतच्या अडीच-तीन किलोमीटरांत मात्र तोच खर्च दुप्पट-अडीचपट होऊ शकतो, आणि तो होतो तो माहिती नसल्यामुळे. जे पाहायला आपण वर जातो त्या कड्यांना, जंगलाला, पाखरांना वेगळं तिकीट नाही. म्हणून पैसे नेमके कुठे द्यायचे आणि कुठे पाय वापरायचे, हे निघण्यापूर्वी ठरवलेलं बरं.

खाली दिलेले आकडे अंदाजपत्रकासाठी गोल केलेले आहेत. हंगाम आणि वार बघून त्यांत थोडं मागेपुढे होतं. नाक्यावरचा नगरपरिषदेचा दरफलक आणि रेल्वेची तिकीटखिडकी यांचा आकडा अंतिम समजावा.

नेरळपर्यंत

स्वतःची गाडी असेल तर रसायनी ते दस्तुरी नाका जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. लिटरला पंधरा किलोमीटर धरले आणि पेट्रोलचा शंभरी ओलांडलेला दर धरला, तर सातशे ते साडेसातशे रुपये होतात. नेरळहून वर येणारा घाट चढाचा आणि तीव्र वळणांचा आहे. पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन जाणाऱ्या जुन्या छोट्या गाडीला तो जड जातो, तेव्हा निघण्यापूर्वी ब्रेक आणि कूलंट तपासून घ्या. नव्याने गाडी शिकलेल्याने हा घाट शनिवार-रविवारी चालवू नये. अरुंद वळणावर समोरून टॅक्सी आली की चढावर गाडी धरून ठेवावी लागते. नाक्यावर वाहनतळाचे दिवसाला शंभर-दीडशे रुपये पडतात. सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तळ भरतो आणि घाटातच रांग लागते. म्हणून रसायनीतून सहाच्या आसपास निघा.

रेल्वेने जायचं तर रसायनी स्थानक पनवेल-रोहा मार्गावर आहे. दिवा-रोहा गाडीने दिव्याला उतरून कल्याण-कर्जतच्या बाजूची लोकल धरता येते, किंवा पनवेलहून ठाण्याची लोकल आणि ठाण्याहून कर्जत अथवा खोपोली लोकल. दुसऱ्या वर्गाने एका माणसाचं एका बाजूचं भाडं पन्नासच्या आत बसतं. अडचण वेळेची आहे: रसायनीला थांबणाऱ्या गाड्या मोजक्या, आणि बदल धरून अडीच-तीन तास जातात. मोहोपाड्याहून रिक्षाने किंवा एसटीने चौक आणि तिथून कर्जत गाठणं अनेकदा सोयीचं पडतं.

नेरळ स्थानकाबाहेर टॅक्सी उभ्याच असतात. शेअर टॅक्सीत नाक्यापर्यंत माणशी शंभर रुपये धरा, अख्खी गाडी केली तर पाचशेच्या घरात. एसटीची कर्जत-नेरळ-माथेरान मिनीबस हा याहून स्वस्त मार्ग. ती नाक्यापर्यंतच जाते, फेऱ्या थोड्या आहेत, पण महिलांना मार्च २०२३ पासून सगळीकडे मिळणारी अर्धी सवलत इथेही आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. आजी-आजोबांचं आधारकार्ड बरोबर ठेवा. वेळापत्रक मात्र कर्जत स्थानकावरच विचारा, घरून निघताना ऐकीव वेळेवर विसंबू नका.

इथे एक हिशेब सरळ दिसतो. एकट्या-दुकट्याला रेल्वे आणि शेअर टॅक्सी परवडते, चार-पाच जणांना स्वतःची गाडी. पाच जण शेअर टॅक्सीने वर जाऊन परत आले की हजार रुपये तिथेच संपतात.

मिनीट्रेन: कधी घ्यावी, कधी नाही

नेरळ-माथेरान रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ती उभारली, पैसा त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांचा, त्या काळचे सोळा लाख रुपये. रुळांतली रुंदी अवघी दोन फूट आणि लांबी सुमारे एकवीस किलोमीटर. वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज ही स्थानकं. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत रूळ वाहून गेले होते, २०१९ च्या पावसातही मार्ग खचला आणि नेरळहून पूर्ण फेरी पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. आजही पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, नेरळ ते अमन लॉज हा घाटाचा टप्पा बंद ठेवतात.

नेरळहून पूर्ण प्रवास केला तर दुसऱ्या वर्गाचं तिकीट शंभराच्या आत येतं, पहिल्या वर्गाला तीनशेच्या पुढे मोजावे लागतात. वेळ दोन तासांहून जास्त. फेऱ्या मोजक्या असल्याने खिडकीवर आधीपासून रांग असते. एका दिवसात जाऊन परत यायचं असेल तर हा प्रवास जाताना किंवा येताना एकदाच करा. दोन्ही वेळा केला तर दिवस गाडीतच जातो. माझं मत विचाराल तर जाताना करावा. सकाळच्या उन्हात वॉटर पाईपच्या पुढे उल्हास नदीचं खोरं उलगडत जातं, ते पाहण्याची ती वेळ आहे.

अमन लॉज ते माथेरान ही शटल मात्र पावसाळ्यातही चालते. अमन लॉज स्थानक दस्तुरी नाक्यापासून चालत काही मिनिटांवर आहे. दुसऱ्या वर्गाला पन्नास-साठ रुपये, पहिल्या वर्गाला शंभराच्या आसपास, आणि वीसेक मिनिटांत गाडी थेट बाजारपेठेत पोचवते. या शटलचं आरक्षण होत नाही. गाडी सुटण्याच्या थोडं आधी खिडकी उघडते आणि रांगेत जो पुढे त्याला तिकीट.

नाक्यावर

दस्तुरी नाक्यावर पहिला ठरलेला खर्च नगरपरिषदेच्या प्रवेशकराचा: मोठ्यांना पन्नास रुपये आणि मुलांना पंचवीस. पावती घ्या.

मग खरी परीक्षा. गाडीतून पाय खाली ठेवताच चार जण भोवती येतात. ‘ट्रेन बंद आहे’, ‘ई-रिक्षा संपल्या’, ‘चालत तासाभराहून जास्त लागतो, चिखल आहे’ असं सांगितलं जातं. हे सगळेच करतात असं नाही, आणि घोडेवाल्यांचं पोट याच धंद्यावर आहे हेही खरं. पण खोटी माहिती देऊन पर्यटकांना लुबाडण्याचे प्रकार इतके वाढले की मार्च २०२५ मध्ये माथेरानकरांनीच त्याविरुद्ध बंद पुकारला होता. म्हणून नाक्यावर एक नियम पाळा. कुणी काहीही सांगितलं तरी आधी अमन लॉजच्या खिडकीपर्यंत चालत जा, मग ई-रिक्षाचा थांबा बघा, आणि त्यानंतरच घोड्याचा भाव विचारा.

ई-रिक्षा डिसेंबर २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर आल्या. माणशी पस्तीस रुपये. हा माथेरानमधला सगळ्यांत उपयोगी खर्च आहे. गुडघे दुखणारी आजी, तान्हं मूल, दिव्यांग माणूस यांच्यासाठी इतकी वर्षं हातरिक्षाच होती, म्हणजे एका माणसाला बसवून दुसऱ्या माणसांनी ओढायचं. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानुष ठरवली, ती सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्याची योजना आखा असा आदेश राज्य सरकारला दिला. न्यायालयाने योग्य तेच केलं. आपणही माणसाने ओढलेल्या गाडीत बसू नये. ई-रिक्षांची संख्या कमी आहे, म्हणून धडधाकट माणसांनी रांग अडवू नये आणि त्या जागा म्हाताऱ्यांसाठी सोडाव्यात, अशी माझी विनंती आहे.

घोडा हौसेसाठी घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण दरफलक वाचून. नाक्यापासून बाजारापर्यंत साडेतीनशे ते पाचशे, काही पॉइंट दाखवून आणायचे तर हजाराच्या पुढे. बसण्यापूर्वी पाच गोष्टी तोंडी पक्क्या करा: एका घोड्याचे किती, जाऊन-येऊन की एका बाजूचे, कोणते पॉइंट, प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबायचं आणि लगाम धरून माणूस बरोबर चालणार का. लहान मुलाला एकट्याला घोड्यावर बसवू नका. जखमी किंवा लंगडणारा घोडा दिसला तर तो नाकारा.

हमालाचा खर्च मुक्कामाला जाणाऱ्यांनाच लागतो, दोन-तीनशे रुपयांपासून पुढे, वजन आणि अंतर बघून. हे कष्टाचे पैसे आहेत, त्यात घासाघीस करू नये. त्यापेक्षा चाकाची मोठी सुटकेस घरीच ठेवा आणि पाठीवरची पिशवी घ्या.

आणि चालणं फुकट. रुळांच्या कडेची वाट जवळजवळ सपाट आहे, पाऊण तासात बाजारपेठ येते. जंगलाची पहिली ओळख इथेच होते. वर झाडांचं छत, खाली लाल माती आणि दोन्ही बाजूंना वानरांचे कळप.

वर काय पाहावं

माथेरानचा डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. थर आडवे साचले म्हणून माथा सपाट, आणि कडेचा खडक पावसाने झिजत गेला म्हणून सरळ तुटलेले कडे. जिथे डोंगराची एखादी सोंड पुढे निघाली, तिथे पॉइंट झाला. असे तीसहून जास्त पॉइंट आहेत. सगळे एका दिवसात करण्याचा नाद सोडा. वरचा थर जांभ्याचा आहे. हा सच्छिद्र दगड पाणी धरून ठेवतो, म्हणूनच इतक्या उंचीवर हिरडा, जांभूळ, ऐन, अंजनी यांचं दाट रान तगलं. अंजनीला उन्हाळ्याच्या तोंडी निळीजांभळी फुलं येतात, तीही पानांत नाही, फांद्यांना चिकटून. ते दृश्य पाहायला फेब्रुवारीनंतर जावं.

रसायनी-चौककडच्या माणसाने दक्षिणेकडची फेरी आधी करावी: बाजारातून अलेक्झांडर, रामबाग, मग लिटल चौक, चौक आणि वन ट्री हिल हे पॉइंट. पायी, थांबत थांबत, साडेतीन-चार तास. खाली मोरबे धरणाचं पाणी, पलीकडे प्रबळ, इर्शाळचा सुळका आणि हवा स्वच्छ असेल तर त्याचं नेढं. रोज ज्या डोंगरांच्या पायथ्याने कामावर जातो, ते इथून एका नजरेत कळतात. पाणी कुठून येतं, कुठे अडवलंय, पाताळगंगेचं खोरं कुठे सुरू होतं, सगळं खाली मांडलेलं असतं. मुलांना शाळेच्या भूगोलातलं खोरं आणि पाणलोट दाखवायला याहून चांगली जागा आपल्या तालुक्यांत नाही. वन ट्री हिलकडून शिवाजी शिडी नावाची वाट खाली उतरते. ती सवयीच्या ट्रेकरसाठी आहे, चपला घातलेल्या कुटुंबासाठी नाही.

दुपारनंतर पश्चिमेकडे वळा. शार्लोट तलाव, त्याकाठचं ग्रामदैवत पिसारनाथाचं मंदिर, पुढे इको आणि लुईझा पॉइंट. तलावाचं पाणी पिण्यासाठी वापरतात, तेव्हा त्यात पाय घालू नका. शेकरू दिसण्याची शक्यता तलावाच्या वाटेवर बरीच. झाडाच्या शेंड्याकडे बघत, न बोलता पाच मिनिटं उभं राहायचं. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी फांदीवरून फांदीवर झेपावतो तेव्हा आधी पानं हलतात. ओढ्याच्या आसपास शीळ कस्तूर गातो, त्याची शीळ माणसाच्या शिटीसारखी असते आणि पावसाळ्याच्या आधीपासून ऐकू येते. सूर्यास्तासाठी गर्दी पॉर्क्युपाइन पॉइंटवर लोटते, पण एका दिवसाच्या पाहुण्याने तो मोह टाळावा. परतीची शटल आणि अंधारातला घाट, दोन्हींची ओढाताण होते.

पॅनोरमा पॉइंट उत्तरेच्या टोकाला आहे, तिथून नेरळचं मैदान आणि पेबचा किल्ला दिसतो. अंतर बरंच असल्याने तो मुक्काम करणाऱ्यांनी पहाटे करावा.

या सगळ्यासाठी वाटाड्या लागत नाही, फाट्यांवर पाट्या आहेत. पण पाखरं आणि झाडं ओळखायची असतील तर गावातला जाणकार माणूस अर्ध्या दिवसासाठी सोबत घ्यावा. घोड्याला देणार होतात तेवढेच पैसे त्याला द्या. मी तरी पैसे आधी तिथे खर्च करीन.

जेवण आणि मुक्काम

सगळं वर चढवून आणावं लागतं, म्हणून खाणं खालच्यापेक्षा महाग असणारच. शाकाहारी थाळी दोनशे ते तीनशे, पॉइंटवरचं लिंबूसरबत, मक्याचं कणीस, मॅगी प्रत्येकी पन्नास-साठच्या पुढे. घरून पोळी-भाजीचा डबा नेला तर पाच जणांचे हजार रुपये वाचतात. फक्त उघड्यावर, माकडांसमोर डबा सोडू नका आणि प्लास्टिकची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका. माकडं तीच ओढतात. रिकाम्या बाटल्या आणि वेष्टनं परत खाली न्या. तिथे टाकलेला कचराही कुणालातरी वाहूनच न्यावा लागतो.

मुक्कामाची गोष्ट थोडक्यात. सोमवार ते गुरुवार साध्या लॉजमध्ये किंवा घरगुती निवासात चौघांची खोली दीड ते अडीच हजारांत मिळते. शनिवारी तीच खोली दुप्पट, दिवाळी आणि नाताळात त्याहून वर. आगाऊ पैसे भरण्यापूर्वी खोली बाजारपेठेपासून किती लांब आहे ते विचारा, नाहीतर खोलीत वाचवलेले पैसे घोड्याला जातात. एमटीडीसीचं निवासस्थान नाक्याजवळच आहे, वृद्ध माणसं बरोबर असतील तर ते सोयीचं.

एकूण किती

दोन मोठे, एक आजी आणि दोन मुलं असं कुटुंब धरू. स्वतःच्या गाडीने एक दिवस: पेट्रोल साडेसातशे, वाहनतळ दीडशे, प्रवेशकर दोनशे, पाचही जणांची जाता-येता ई-रिक्षा साडेतीनशे, हॉटेलचं जेवण साडेबाराशे, वर चहा-सरबत तीनशे. बेरीज तीन हजार. डबा नेला आणि आजी सोडून बाकीचे चालले, तर हाच दिवस पंधराशेत होतो. उलट नाक्यावर गडबडून पाच घोडे दोन्ही बाजूंनी केले, तर चारशेच्या भावानेही चार हजारांची भर पडते आणि बेरीज साडेसहा हजारांवर जाते. यात एकही पॉइंट जास्त पाहिलेला नसतो.

एकट्याने, रेल्वे आणि शेअर टॅक्सीने जाणाऱ्याला सहाशे रुपये पुरतात. त्यात कर आला, थाळी आली. एक रात्र राहिल्यास पाच जणांच्या कुटुंबाने सोमवार ते गुरुवार साडेसहा-सात हजार, शनिवार-रविवारी दहा हजार वेगळे काढावेत.

वेळ कोणती

निसर्ग पाहायचा असेल तर ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंतचा काळ, तोही आठवड्यातला दिवस. पाऊस थांबलेला असतो, हवा धुतलेली, धूळ बसलेली आणि मिनीट्रेन पूर्ण मार्गावर. एप्रिल-मे मध्ये जांभळं-करवंदं मिळतात, पण लाल धूळ आणि गर्दीही. पावसाळ्यात खोल्या स्वस्त, धबधबे वाहते, मात्र पॉइंटवर उभं राहून समोर पांढरं धुकंच. त्या दिवसांत चौककडून शिडीच्या वाटेने किंवा कुठल्याही डोंगरवाटेने वर जाऊ नका. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच डोंगररांगेत इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि झोपेतलं गाव गाडलं गेलं. हे डोंगर पावसात सुटतात. पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधबे आणि धरणांवर जाण्यास मनाई करतात, ती पाळा.

जाताना हजार-दीड हजार रुपये सुटे ठेवा, कारण वर मोबाईलची रेंज जागोजागी जाते आणि मग स्कॅन करून पैसे देता येत नाहीत. माथेरान स्थानकात उतरल्या उतरल्या पहिलं काम करा: परतीची शेवटची शटल किती वाजता ते खिडकीवर विचारा आणि तिच्या आधीच्या गाडीने परत फिरा.